मानशीवरची रात्रपाळी

इथे मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे खाडीच्या तोंडावरचं लाकडी दार,
भरतीच्या रेट्याने मिटणारं,
ओहोटी लागली की आपसूक किलकिलं होणारं.
पणजीत ती पुन्हा बसवायची ठरली
तेव्हा नकाशेवाले हसले होते.
मग लागोपाठ तीन पावसाळे
मार्केटात गुडघाभर पाणी आलं
आणि त्यांनीच सुतार शोधायला माणसं पाठवली.

आता मी तिच्यावर रात्रपाळीला असते.
वहीत चार रकाने : वेळ, पाणी, कोण, शेरा.
२.१०. ओहोटी. पाणमांजरं सहा. भांडत होती.
२.२५. तीच सहा. भांडण मिटलेलं नाही.
अर्धा रस्ता आम्ही चिपीला देऊन टाकलाय,
तिची फुलं रात्री उमलतात,
वटवाघळं येतात,
आणि बँकेच्या बंद एटीएमवर पांढरे केसर पडून राहतात.
मांडवीत कलंडलेल्या कॅसिनोच्या बोटीवर पाणकावळे असतात,
वरच्या डेकवर जागा मिळाली तर मिळाली.
जुगार अजून चालू आहे म्हणायचा.

पण हे सगळं गोड आहे असं समजू नका.
फेरीबोटीच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या इनास फुर्तादची कुत्री
आषाढात या पायऱ्यांवरून गेली.
जिरी नाव तिचं. पाणी प्यायला वाकली होती.
मी इथेच होते.
वहीत काय लिहायचं ते सुचेना,
म्हणून फक्त वेळ लिहिली.

वॉर्डाची सभा भरली.
हलवा म्हणाले तिला, पकडा, दूर नेऊन सोडा.
दूर म्हणजे कुठे, यावर तासभर गेला.
चहा दोनदा झाला.
शेवटी दुर्भाटची मंजुळ गावडे उठली, जी कधी बोलत नाही.
आमच्या बांधावर, म्हणाली, पौषाच्या अवसेला
मातीची मगर करतात.
काटक्यांचे दात, शिंपल्यांचे डोळे,
पोटात एक अंडं.
कुणीतरी विचारलं, देव म्हणून?
ते मला माहीत नाही, म्हणाली.
करतात. चुकवत नाहीत.
आणि बसली.

पौषात जुन्या पार्किंगमध्ये,
जिथपर्यंत आता भरती येते तिथे,
आम्ही चिखलात उतरलो.
सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होत होतं.
विमा कंपनीतला माणूस कोपरापर्यंत माखला
आणि मग उगाच हसत सुटला.
पोरांनी दात नको तितके लावले.
अंडं कुणाच्या तरी फ्रिजमधून आलं,
त्याच्यावर तारखेचा शिक्का.
शेपूट गाडी क्रमांक चौदाच्या चौकटीत मावेना,
पंधरामध्ये गेली.

इनास उशिरा आला.
कुणाशी बोलला नाही.
खिशातून दोन शिंपल्या काढल्या,
बराच वेळ तळव्यावर धरल्या,
एक दाबून बसवली मातीत, अंगठ्याने,
आणि दुसरी परत खिशात टाकली.
मंजुळ म्हणाली, हांगा आनीक एक दोळो जाय.
तो म्हणाला, फुडल्या वर्सा पळोवया.

तर आमची मगर एकाक्षी राहिली.
तिसऱ्या भरतीने तीही विरघळली,
सकाळी चिखलात नुसत्या काटक्या
आणि एक लख्ख शिंपली.
ती मी उचलली नाही.

काल रात्री ओहोटी लागली,
मानशीची फळी करकरली.
बॅटरी मारायची नाही असा आमचा नियम.
पाणी मध्येच दुभंगलं,
लांबच लांब, आवाज न करता.
पलीकडच्या पायऱ्यांवर कुणीतरी बसलेलं होतं,
जिरी गेल्यापासून तिथे कुणी बसत नाही.
विडीचं टोक तेवढं दिसलं.
ते हललं, वर सरकलं, थांबलं.

मी वही उघडली.
३.४०. ओहोटी. कोण : दोघं.
शेरा : माणूस दोन पायऱ्या वर बसला.